बत्तिसावं पाऊल

मी विद्यापीठाच्या खो-खो क्लबचा प्रमुख झालो त्या क्षणी माझ्या हातात तर्री-पोह्यांची बशी होती आणि तोंडात पहिला घास. प्राध्यापकांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. अर्थशास्त्राचा एक तास संपलेला, दुसऱ्याला अवकाश, जगाशी माझं काही भांडण नव्हतं. आणि पाठीवर दाणकन एक तळवा पडला. मी ताडकन उठलो. पोह्यांवरची लाल तर्री शर्टावर आली. मग मागून शांतपणे आवाज आला, "खो."

मागे सर उभे होते. आमचे निवृत्त क्रीडा संचालक. उंच, काटकुळे, पायात नाडी नसलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी.

"फाऊल हाये," ते म्हणाले. "खो आयकाच्या आंधीच उठले तुमी. पन चालते. उठले ना, झालं."

काय झालं ते मला दुपारी प्राचार्यांच्या खोलीत कळलं. विद्यापीठाचा आमच्या जिल्ह्याचा मुलींचा खो-खो क्लब आमच्याच कॉलेजच्या मैदानावर चालतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावरही सर तो सांभाळत होते, कारण दुसरं कोणी त्या बाजूला फिरकत नव्हतं. त्यांनी प्राचार्यांना पत्र दिलं होतं की, गुडघ्यामुळे आपण प्रमुखपद सोडत आहोत, आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना आपण खो दिलेला असून ते उठलेले आहेत. सोबत दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यातली एक गणिताच्या मॅडमची, ज्यांनी ते पोहे आणले होते.

मी आयुष्यात एकच खेळ खेळलो होतो, कॅरम, आणि त्यातही बहुतेक वेळ पावडर टाकायचं काम माझ्याकडे असे. हे मी प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बसून राहायचं होतं ना मग."

बसून राहणं हीच सरांच्या मते माणसाची खरी परीक्षा होती. खो-खोत पाठलाग करणारा गडी चौकोनात बसलेला असतो. मागून पाठीवर हात पडल्याशिवाय आणि 'खो' ऐकल्याशिवाय त्याला उठता येत नाही. सरांनी हा नियम मैदानावरून घरी नेला, घरून बाजारात नेला. ते खुर्चीवर बसले की कोणी पाठीवर हात ठेवून खो म्हटल्याशिवाय उठत नसत. लग्नाच्या पंगतीत सगळे हात धुऊन पान खायला गेले तरी सर पत्रावळीसमोर स्वस्थ. ओळखीतले यजमान जाताजाता खो देऊन जायचे. नवखे यजमान त्यांना पुन्हा जिलेबी वाढायचे. सरांची त्यालाही हरकत नसे.

त्यांच्या निरोप समारंभात पाहुणे शाल उलगडून उभे, सूत्रसंचालक तीनदा नाव पुकारतो आहे, आणि सर पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्याने बसलेले. पाहुण्यांना वाटलं, ऐकू येत नसावं. ते वाकून कानात मोठ्याने बोलले. सरांनी नुसती मान डोलावली. शेवटी आमचा शिपाई मागच्या दाराने आला, खुर्चीमागे गेला आणि त्याने तो खो दिला. शिपायालाच तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

दुसरा नियम याहून कडक होता. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय मागे वळायचं नाही. सर दारव्हा रोडला एका गल्लीत राहत. घरून निघाले आणि फाटकाबाहेर चार पावलांवर चष्मा विसरल्याचं लक्षात आलं, तर दुसरा माणूस परत फिरेल. सर गल्लीच्या टोकापर्यंत जात, तिथल्या विजेच्या खांबाला हात लावत आणि मग वळून चष्मा घ्यायला येत. त्या खांबावर त्यांच्या हाताच्या उंचीला रंग उडालेला होता. गल्लीतल्या लोकांनी मोजणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "भांडतानाही असंच. चूक कळली तरी आंधी वाक्य पुरं करतात, मंग वळतात. एकदा तं तीन दिवस पुरं करून राह्यले होते."

तिसरी गोष्ट त्यांच्या पावलाची. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप उन्हात लांबते, थंडीत आखडते, आणि दोन माणसं धरतात म्हणजे दोन मतं असतात, असं ते म्हणत. पावसाळा संपला की मैदानभर माजलेलं तरोट्याचं तण मुली उपटून काढायच्या, आणि मग सर एका खांबाला पाठ लावून उभे राहायचे. सगळं गप्प. उजवा पाय आधी. ओठ हलताहेत, आवाज नाही. तीस पावलं झाली की थांबायचे, टाच रोवायचे आणि म्हणायचे, "इथं." तिथे दुसरा खांब रोवला जायचा. मग किटलीच्या नळीतून फक्कीची पांढरी रेघ पाडत ते चौकोन आखायचे. ते आखणं बघायला मी, खेळाशी संबंध नसलेला माणूस, वर्गाच्या खिडकीत उभा राहत असे.

त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी विद्यापीठाचा निरीक्षक टेप घेऊन आला होता. त्याने दोन खांबांमधलं अंतर मोजलं. चोवीस मीटर पाहिजे होतं, चोवीस भरलं. निरीक्षकाने सरांच्या पायांकडे पाहिलं आणि चहा मागवला. ही गोष्ट दर वर्षी नव्या मुलींना सांगितली जाई. शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "तवापासून या ग्राउंडाले टेप लागली नाही."

आता करुणाचं सांगितलं पाहिजे, कारण हे सगळं तिच्यापाशीच जाऊन थांबतं.

करुणा महागावकडच्या एका गावची. मी पद घेतलं त्याच्या चार वर्षं आधी ती क्लबची कप्तान होती. तिच्यासारखा खांबावरचा सूर मारणारी मुलगी सरांनी पाहिली नव्हती, हे सरच सांगायचे. पळत यायची, एका हाताने खांब धरायची आणि त्या आधारावर अंग झोकून दुसऱ्या हाताने पलीकडे वळलेल्या पोरीला बाद करायची. विद्यापीठाच्या मैदानावर उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला समोरची एकच पोरगी बाद व्हायची राहिली होती. करुणाने सूर मारला, हात खांबाच्या दिशेने गेला, आणि चार बोटं कमी पडला. ती मातीत उताणी. समोरची पोरगी निसटली. सामना गेला.

सर मैदानात गेले. शंभर माणसांसमोर त्यांनी तिला एवढंच म्हटलं, "भेली तू. हात आखडला."

खांब चुकला म्हटलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं, भ्याली म्हटलेलं नाही. तिने जर्सी काढली, आतल्या टी-शर्टवर उभी राहून तिची नीट घडी केली, खांबावर ठेवली आणि गेली. पुन्हा मैदानावर आली नाही. पुढे ती उमरखेड डेपोत कंडक्टर लागली. चार नंबरची ती जर्सी क्लबच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली असायची. सरांनी तो नंबर पुन्हा कोणाला दिला नाही, आणि करुणाचं नावही काढलं नाही. नाव दुसऱ्याने काढलं की उठून जावंसं वाटतंय हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे, पण खो कोणी देत नसल्यामुळे त्यांना बसावं लागे.

त्यानंतर तीन वर्षं आमच्या मुली पहिल्याच फेरीत हरत होत्या, आणि दर वेळी खांबापाशी. कधी वीतभर, कधी हातभर कमी. सरांचं निदान कायम होतं, भीती. मला पद देताना त्यांनी तेच सांगितलं. "माह्यानं या पोट्ट्यायची भीती निंगत नाही, प्रोफेसर. तुमी वेगळे मानसं. पाहा काई जमते काय."

प्राचार्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. यंदाही पहिली फेरी हरलो तर क्लब दुसऱ्या कॉलेजकडे जाणार, आणि मैदानावर गाड्या लागणार.

तर असा मी प्रमुख. गळ्यात नवी शिट्टी, पुढे पोट. मला पहिल्या दिवशी मुलींनी अदबीने एका झाडाखाली खुर्ची दिली, यावरून त्यांचा माझ्याबद्दलचा अंदाज कळला. सर रोज सकाळी यायचे, शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसायचे आणि जाताना मी त्यांना खो द्यायचो. माझं नेतृत्व सुरुवातीला एवढ्यावरच होतं.

मग विद्यापीठाचा फॉर्म आला. नव्या प्रमुखाने मैदानाची मापं भरून सही करायची. सर्वांना ठाऊक असलेली मापं मी सरळ लिहून टाकली असती. पण अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा सरकारी आकड्यावर विश्वास नसतो, मग स्वतःच्या आकड्यावर कुठून असणार. भूगोल विभागातून टेप आणली. सर तेव्हा अष्टमीच्या दर्शनाला केळापूरला देवीकडे गेले होते. टेपचं दुसरं टोक त्या वर्षीच्या कप्तानाने, पल्लवीने, धरलं.

साडेबावीस मीटर.

मी पुन्हा मोजलं. टोकं बदलून मोजलं. पल्लवी म्हणाली, टेपच आखडली असेल, थंडी नाही पण. मग ती खांबाकडे बघत राहिली. तिला माझ्याआधी कळलं होतं. रोज जवळच्या खांबाचा सराव, आणि बाहेरच्या मैदानावर खांब दीड मीटर लांब. पोरींचं अंग सरावाच्या हिशोबाने आधीच झेपावत होतं.

मैदान कोणी कमी केलं नव्हतं. दर वर्षी सर तीस पावलंच टाकत होते. गुडघा दुखायला लागला, पाऊल लहान होत गेलं, आणि त्यांच्याबरोबर मैदानही दर पावसाळ्यानंतर थोडं थोडं लहान होत गेलं.

"मोठ्या सरायले कोन सांगन?" पल्लवीने विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्या शिट्टीकडे पाहिलं. प्रमुखपद म्हणजे काय ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

आणि मी, कबूल करतो, पळवाट काढली. सांगायचंच नाही असं ठरवलं. त्याच दुपारी मुलींनी एक खांब उपटला, दीड मीटर मागे खड्डा घेतला, मुरूम भरला, पाणी मारलं, आठ जणींनी नाचून तो दाबला. चौकोन नव्याने आखले. मी किटली हातात घेतली तर पहिलीच रेघ गोमेसारखी आली, म्हणून ती काढून घेण्यात आली. जुन्या खड्ड्यावर वाळलेला तरोटा पसरला. सराव झाला तेव्हा पहिला एक तास कोणाचाच हात खांबाला लागला नाही. नंतर लागू लागला. मला वाटलं, आपण राज्य चालवायला जन्मलो आहोत.

दुसऱ्या सकाळी सर आले. खुर्चीवर बसले नाहीत. मैदानाच्या कडेला उभे राहून त्यांनी नाकाने हवा ओढली, घरात कोणी फर्निचर हलवलं असेल तर माणूस उभा राहतो तसे. मग सरळ जाऊन खांबाला पाठ लावली.

मी धावत शेजारी गेलो आणि त्यांची मोजणी चुकवायला बोलायला लागलो. देवीला गर्दी होती का, काकूंची तब्येत, कापूस कसा आहे. त्यांनी कापसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. ओठ हलत होते. मुली चौकोनांत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे, आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्या बुटांवर.

तिसाव्या पावलावर सर थांबले. खांब पुढे होता.

त्यांनी सवयीने टाच रोवली, पुन्हा उचलली. मग एकतिसावं पाऊल टाकलं. बत्तिसावं टाकलं आणि खांबाला हात लावला. वळले, आणि तेवढंच परत आले. पुन्हा बत्तीस.

"टेप कोन लावली?"

"मी."

"बरोबर हाये ना आता?"

"बरोबर आहे."

"किती कमी होतं?"

दीड मीटर, मी सांगितलं. ते हळूच स्वतःच्या गुडघ्याला हात लावून उभे राहिले. रागावतील असं वाटलं होतं, टेपला नावं ठेवतील असं वाटलं होतं. ते नुसते मोकळ्या चौकोनात हात टेकत खाली बसले. पल्लवी उठून मागे आली. तिने हात उचलला, पण त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मुलींना सराव करा म्हणाले. सराव झाला. ते मध्ये बसलेले, मुली त्यांच्या दोन्ही बाजूंनी पळताहेत, अंगावर धूळ उडते आहे. पल्लवीचा हात पहिल्यांदाच सलग चार वेळा खांबाला लागला.

ते पाहून ते म्हणाले, "दर साली थोडं थोडं गेलं आसंन. पयल्या वक्ताले कितीक गेलं आसंन मंग, प्रोफेसर?"

मी म्हणालो, कसं सांगणार.

"मी सांगतो," ते म्हणाले. "चार बोटं."

त्यांनी माझ्या हाताला धरलं आणि ते उठले. खो न घेता. त्यांना तसं उठताना मी तेवढं एकदाच पाहिलं. खांबापर्यंत गेले, त्याला पुन्हा हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता खांब गाठला. आता मांगं वळता येते. उमरखेडची गाडी कवा हाये?"

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. त्या वर्षी मुली पहिली फेरी जिंकल्या आणि दुसरीत हरल्या. मैदान वाचलं. आजही तिथे गाड्या नाहीत, खांब आहेत, आणि त्यांच्यात चोवीस मीटर आहे. दर दसऱ्याला मी टेपने मोजतो आणि मोजताना मागे वळून बघतो. पण ते सगळं नंतर.

करुणाची ड्यूटी कोणत्या गाडीवर असते ते पल्लवीला माहीत होतं. अकराच्या गाडीत सर आणि मी बसलो. सरांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तिच्यात खिळ्यावरून काढलेली जर्सी. गाडी सुटल्यावर करुणा तिकिटाचं मशीन घेऊन पुढून सुरू झाली. खांदे तसेच ताठ. आमच्या सीटपाशी आली, सरांना पाहिलं, आणि कुठल्याही प्रवाशाला विचारावं तसं विचारलं, "कुठं जाचं?"

"उमरखेड," सर म्हणाले.

तिने तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडे गेली.

आर्णीपर्यंत सरांनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मी खिडकीबाहेर बघायचं नाटक करत होतो. तुरीचं शेत मी इतक्या भक्तिभावाने कधी पाहिलं नव्हतं. आर्णीला गाडी थांबली, चहा झाला, सुटली. ती मागून पुढे येत होती तेव्हा सर एकदम बोलले. हळू बोलता येत नाही त्यांना, सगळ्या गाडीने ऐकलं.

"तुहा हात बरोबर होता पोरी. खांबच जवळ रोवला होता मी. माहं पाऊल आखूड झालं, अन् मी म्हनलं तू भेली."

करुणा दांडीला धरून उभी राहिली. एका म्हातारीने मधल्या मध्ये विचारलं, काय झालं वो, आणि कोणीतरी तिला गप्प केलं.

"किती कमी होतं?" करुणाने विचारलं.

"तुह्या वक्ताले चार बोटं. आता दीड मीटर."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "दीड मीटर यायले चार वर्सं लागले तुमाले."

"वळता येत नव्हतं," सर म्हणाले.

महागावला उतरणारे पुढे या, असं ओरडत ती निघून गेली. मला वाटलं, संपलं. माणूस तीन तास गाडीत बसून माफी मागायला गेला, माफी मागून झाली, मिळाली नाही, असंही होतं. सरांनाही तसंच वाटलं असावं. ते पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले आणि उमरखेड येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

स्टँडवर गाडी लागली. लोक उतरले, पोती उतरली, ती म्हातारी आमच्याकडे बघत बघत उतरली. सर उठेनात. ड्रायव्हर खालून ओरडला की डेपोत न्यायची आहे गाडी. मी सवयीने त्यांच्या पाठीकडे हात नेला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

मी उठून दाराशी गेलो. करुणा मागच्या सीटपाशी मशीन पिशवीत घालत होती. तिने ते सगळं पाहिलं होतं. पिशवीचा पट्टा खांद्यावर टाकून ती मधल्या वाटेने पुढे चालत आली. घाई नव्हती. सरांच्या मागे येऊन थांबली. सरांची पाठ ताठ झाली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

तिचा तळवा त्यांच्या पाठीवर पडला. जोरात पडला, मला दाराशी आवाज आला. मग तिने जरा वेळ घेतला. माझ्यासारखा माणूस एवढ्यात उभा राहून शर्टावर तर्री सांडून मोकळा झाला असता. सर हलले नाहीत.

"खो," करुणा म्हणाली.

तेव्हा ते उठले. जर्सीची पिशवी तिच्यापुढे धरली, ती तिने काखेत मारली. मी दाराशी उभा होतो आणि गळ्यात शिट्टी होती. फाऊल नव्हता.